गिरणीच्या गेटबाहेरची पोरं : १९८२ चा संप आणि गिरणगावातली गुन्हेगारी

जानेवारी १९८२ मधला एक आठवडा. ११ तारखेला वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. कोकणातून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा कीर्ती कॉलेजचा पदवीधर होता. मुंबईतली पहिली गाजलेली चकमक म्हणून त्या दिवसाचं नाव आजही घेतलं जातं. दुसऱ्याच दिवशी, १२ जानेवारीला, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी आपल्या प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्यांच्या बदल्यात बिल्डरांना सिमेंटचा कोटा दिला. अंतुल्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर सहा दिवसांनी, १८ जानेवारीला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप सुरू केला. राज्याला नवा मुख्यमंत्री मिळाला तो २१ जानेवारीला, म्हणजे संप सुरू झाल्यावर. बाबासाहेब भोसले.

त्या आठवड्यात या तीन बातम्या वेगवेगळ्या होत्या. एक गुन्ह्याची, एक राजकारणाची, एक कामगारांची. पुढच्या पंधरा वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत त्यांची एकच बातमी झाली. ती कशी झाली, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

याचं रूढ उत्तर सगळ्यांना पाठ आहे : संप फसला, घरात चूल पेटेना, पोरं गुंड झाली. हे उत्तर मला अपुरं वाटतं आणि कामगारांवर अन्याय करणारंही वाटतं. लाखाहून अधिक माणसांची नोकरी गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या घरात कोणी कुणाला साधी चापटही मारली नाही. माणसं गावी गेली, भाजीच्या गाड्या लावल्या, भिवंडीच्या यंत्रमागावर बारा बारा तास उभी राहिली, वॉचमन झाली. गरिबीने माणूस गुन्हेगार होतो म्हणावं, तर गिरणगावात दोन लाख गुन्हेगार निघायला हवे होते. तेव्हा भुकेच्या जोडीला आणखी काय होतं, ते शोधावं लागतं.

संपाआधीचं गिरणगाव

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे ताडदेव, भायखळ्यापासून दादर, प्रभादेवीपर्यंत गिरण्यांचा आणि चाळींचा एक सलग पट्टा उभा राहिला. संपाच्या काळात अठ्ठावन्न गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. ही जमीन लक्षात ठेवायची, ती पुढे येणार आहे.

कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून आलेले. एका खोलीत दहा-बारा जण पाळीप्रमाणे झोपायचे. एक कामावर गेला की दुसरा त्याच्या वळकटीच्या जागी अंग टाकायचा. जेवण खानावळीत, आणि खानावळ म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईची चूल. गिरणीची नोकरी बापाकडून पोराकडे जायची. पोरगा आधी बदली व्हायचा, म्हणजे रोज भोंग्याच्या वेळेला गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. बदली कामगाराची कायम होण्याची वाट पाहता पाहता वर्षं जायची. आत घेणारा जॉबर (मुकादम) किंवा कारकून खूश असेल तर काम लवकर मिळायचं. पहिली लाच गिरणगावातल्या पोराने पाहिली ती तिथे, गेटवर. बापाने, स्वतःच्या पोटासाठी, हात जोडून दिलेली.

दुसरी त्याने चाळीखाली पाहिली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीचे गुत्ते गल्लोगल्ली झाले आणि गुत्त्यावरून हवालदाराचा हप्ता ठरला. साठच्या दशकात मटका आला. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लागायचा. ज्या कापसाचं सूत काढत दिवस जायचा, त्याच्याच भावावर कामगार पगारातले चार आणे लावायचा. मटक्याच्या अड्ड्यावरही हप्ता होताच. म्हणजे पोर शाळेत जाण्याआधीच शिकायचं, की कायदा मोडता येतो, त्याचा एक दर असतो, आणि तो दर गणवेशातला माणूस येऊन घेऊन जातो.

तिसरी गोष्ट राजकारणाने शिकवली. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. या खटल्यात शिवसेनेशी संबंधित तरुणांना शिक्षा झाली आणि रिकाम्या झालेल्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार म्हणून. लाल बावट्याची ताकद मोडायची होती. ती मोडायला गल्लीतली पोरं वापरली गेली आणि ती मोडली जात असताना सत्तेत बसलेल्यांनी फारसं काही केलं नाही. कामगाराच्या पोराचं मनगट राजकारणाच्या बाजारात विकलं जातं, हे गिरणगावाला संपाच्या बारा वर्षं आधीच कळलं होतं.

म्हणून एक गोष्ट नीट सांगायला हवी. टोळ्या संपाने जन्माला घातल्या नाहीत. भायखळ्यात रमा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी ही नावं संपाच्या आधीपासून होती. गवळी गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतःही महालक्ष्मीच्या शक्ती मिलमध्ये काम केलेला. अमर नाईक दादरच्या भाजीबाजारातला. भाजीवाल्यांकडून हप्ता घेणाऱ्यांशी भांडता भांडता तो स्वतः टोळीवाला झाला आणि नंतर हप्ता वसूल करू लागला. संपाने या टोळ्यांना माणसं दिली. शेकडो रिकामी, तरुण, अपमान झालेली माणसं.

कायद्याने बंद केलेला दरवाजा

या प्रकरणातला सगळ्यात कमी बोलला गेलेला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. या कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. पंचवीस टक्के सभासद दाखवले की ती मान्यता मिळायची. गुप्त मतदान नाही. एकदा मान्यता मिळाली की मालकाशी बोलण्याचा अधिकार फक्त तिला. कापड गिरण्यांत ही जागा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगाराला ती संघटना नको असली तरी करार तिनेच करायचा आणि तो कामगारावर बंधनकारक.

१९८१ च्या दिवाळीआधी बोनसचा करार झाला तेव्हा संताप उसळला. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉक्टर सामंतांच्या दारात गेले आणि आमचं नेतृत्व घ्या म्हणाले. कामगारांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदल्यांना कायम करणं होतं आणि हा कायदा रद्द करणंही होतं. कायदा रद्द करण्याची मागणी सरकारला सर्वांत जास्त खुपली, असं मला वाटतं. पगारवाढ देता आली असती. पण सत्ताधारी पक्षाचा गिरणगावातला हात ज्या कायद्यावर टेकलेला होता, तो काढून घेणं त्यांना मान्य नव्हतं. सामंतांशी बोलणी म्हणजे बेकायदा संघटनेशी बोलणी, अशी भूमिका घेतली गेली आणि दिल्लीही हलली नाही.

१८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे पोलीसच आपल्या मागण्यांसाठी रस्त्यावर आले. गिरणी कामगार त्यांच्याबरोबर उतरले, शहर पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. रोज ज्या हवालदाराची लाठी खायची, त्याच्याच बाजूने कामगार त्या दिवशी उभा राहिला. कारण हवालदारही त्याच्याच सारख्या खोलीत राहत होता आणि त्याचाही पगार पुरत नव्हता.

संप कधी मागे घेतला गेला नाही. अधिकृत शेवटच नाही. वर्ष-दीड वर्षात माणसं थकून, जमेल तशी परत गेली. ज्यांना घेतलं त्यांना घेतलं. बाकीच्यांची नावं हजेरीपटावरून गेली. संपाच्या काळात गिरण्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतलं होतं, त्यामुळे जुने साचे पुन्हा सुरू करण्याची घाई मालकांना नव्हती. गिरणीतला नफा बरीच वर्षं गिरणीत परत गेला नव्हता. यंत्रं जुनी, पण जमिनीचा भाव रोज वाढणारा.

एक घर

इथे एक घर समोर ठेवतो. हे कोणा एका कुटुंबाचं घर नाही. त्या काळच्या असंख्य हकीकतींत जे पुन्हा पुन्हा येतं तेच एका खोलीत एकत्र केलं आहे.

लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली. बाप साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वीस वर्षांची सर्व्हिस. थोरला मुलगा दोन वर्षं बदलीवर. धाकटा दहावीला. आई चार माणसांची खानावळ चालवते.

पहिल्या महिन्यात गावाहून तांदूळ आले. दुसऱ्या महिन्यात वाण्याने उधारी दिली, कारण संप महिन्याभरात मिटेल असं सगळेच म्हणत होते. खानावळीतली चारही माणसं गावी गेली, म्हणजे आईची कमाईही गेली. एप्रिलमध्ये आईच्या पाटल्या गेल्या. जूनमध्ये बाप पेरणीला गावी गेला, कारण तिथे निदान एक तोंड कमी होणार होतं. थोरला भिवंडीला गेला. ज्या कामासाठी त्याचा बाप संपावर होता तेच कापड तो तिथे विणत होता, निम्म्याहून कमी मजुरीत. रात्री घरी आला की तो बापाच्या पत्राबद्दल काही बोलायचा नाही.

धाकटा शाळेत जाईनासा झाला. नाक्यावर बसू लागला. नाक्यावर मंडळ होतं, मंडळाला भाईची वर्गणी होती. भाईने आईच्या औषधाचे पैसे दिले. परत मागितले नाहीत. पहिलं काम अगदी साधं होतं : एक पाकीट भायखळ्याला नेऊन द्यायचं. दुसरं, एका पागडीच्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारासमोर चार पोरांनी दिवसभर उभं राहायचं. फक्त उभं राहायचं. म्हाताऱ्याने आठवड्यात खोली सोडली. धाकट्याला शंभर रुपये मिळाले. बापाला गिरणीत त्यासाठी किती दिवस उभं राहावं लागायचं, हे त्याला माहीत होतं.

मग पोलीस आले. नाक्यावरची सहा पोरं उचलली. त्यांतल्या तिघांच्या घरच्यांनी पैसे आणून दिले, ती पोरं संध्याकाळी घरी आली आणि त्यांची नावं कुठेही लागली नाहीत. धाकट्याच्या आईकडे द्यायला काही नव्हतं. त्याच्यावर चॅप्टर केस, म्हणजे पोलिसांची प्रतिबंधक कारवाई, झाली. नाव रेकॉर्डवर आलं.

या जागी मला थांबावंसं वाटतं, कारण गिरणगावातली शेकडो आयुष्यं इथूनच वळली. सहाही पोरांनी सारखंच केलं होतं. त्यांना वेगळं केलं ते घरातल्या पैशांनी. ज्याच्याकडे लाच द्यायला पैसे होते तो निर्दोष राहिला; ज्याच्याकडे नव्हते तो कागदोपत्री गुंड झाला. आणि एकदा रेकॉर्ड झालं की पुढे कुठेही अर्ज केला, चौकशी झाली, की नकार. दर गणपतीच्या आणि निवडणुकीच्या आधी पोलीस त्यालाच उचलणार. तडीपारीची नोटीस आली की रात्री झोपायला जागा लागते, वकील लागतो, जामिनाला माणूस लागतो. हे सगळं एकाच ठिकाणी मिळत होतं, टोळीत. सरकारने बाहेर काढलं आणि भाईने आत घेतलं. एरवी दोन-चार महिने नाक्यावर हुंदडून थोरल्यामागे भिवंडीला गेला असता असा मुलगा त्या एका संध्याकाळी कायमचा टोळीचा झाला.

दोन निवडणुका

१९८४ च्या डिसेंबरमध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. संप हरून दोन वर्षंही झाली नव्हती. नोकरी गमावलेल्या माणसाने आपलं मत त्यालाच दिलं ज्याच्यामागे जाऊन नोकरी गेली होती. याचा अर्थ एवढाच, की गिरणगावाने तोवर कायद्याचा रस्ता सोडला नव्हता. रस्त्यावर मार खाल्ला, तरी मतपेटीवर विश्वास होता.

वीस वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच वस्तीतल्या चिंचपोकळी मतदारसंघातून अरुण गवळी आमदार झाला. त्याने १९९७ मध्ये अखिल भारतीय सेना नावाचा पक्ष काढला होता आणि दगडी चाळ त्याचं कार्यालय होती. पुढे २०१२ मध्ये शिवसेनेच्या एका नगरसेवकाच्या खून प्रकरणात त्याला जन्मठेप झाली. ज्या बायकांनी १९८४ मध्ये सामंतांना मत दिलं असेल त्यांतल्या कितीतरी जणींनी २००४ मध्ये गवळीला दिलं असेल. त्या काही रक्ताला चटावलेल्या नव्हत्या. मधल्या वीस वर्षांत त्यांच्या दारात न्याय घेऊन कोण आलं, याचा हिशेब त्यांनी केला असावा. भाडेकरूचं भांडण, नवऱ्याची मारहाण, थकलेली ग्रॅच्युइटी : तक्रार दगडी चाळीत नेली की संध्याकाळी मांडवली व्हायची. कोर्टात नेली की पोराचं लग्न होईपर्यंत तारीख पडायची. हा न्याय भीतीवर उभा होता, त्यात निरपराध माणसं भरडली, यात मला शंका नाही. पण तो उपलब्ध होता, आणि दुसरा नव्हता.

जमीन

आता त्या सहाशे एकरांकडे येऊ.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची असेल तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली मालकाला. ऐकायला न्याय्य. पण गिरणीच्या आत नवं बांधकाम न करता जुन्या इमारतींचा वापर बदलला तर वाटा द्यावा लागत नव्हता, ही पळवाट होती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करून आराखडा करावा असं सुचवलं. तो अहवाल फडताळात गेला. २००१ मध्ये नियमच बदलला. आता वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाची. गिरणीच्या इमारतींखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. शहराच्या आणि कामगारांच्या घरांच्या वाट्याला येणारी जमीन एका दुरुस्तीने आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती वैध ठरवली.

त्याआधीच, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांची जमीन लिलावात काढली होती. लोअर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले, दादरच्या कोहिनूरला ४२१ कोटी. लिलाव खुले होते, कायदेशीर होते. आणि तरीही गिरणगावातल्या माणसाच्या मनात तेव्हा जे आलं ते मला चुकीचं वाटत नाही : आमचा पगार पन्नास रुपयांनी वाढवायला गिरणी परवडत नव्हती, मग हे पैसे कुठून आले?

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालचं पाकीट दिसतं. अंतुल्यांच्या सिमेंटमध्ये निदान देणगीच्या पावत्या सापडल्या. गिरण्यांच्या जमिनीत नियमाचा शब्द बदलला आणि कोट्यवधींचा फायदा एका बाजूला गेला. त्याला कोणताही पुरावा लागत नाही, कारण ते राजपत्रात छापून येतं. ज्याने शंभर रुपयांसाठी म्हाताऱ्याच्या दारात उभं राहून खोली रिकामी केली त्याची पोलिसांत नोंद झाली. लाख कुटुंबांना गिरणीच्या जमिनीवरून बाजूला सारण्याची कुठेच नोंद झाली नाही.

खटाव

या दोन गोष्टी, टोळी आणि जमीन, ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीला उघडपणे एकमेकींना भेटल्या. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना त्यांच्या गाडीत गोळ्या घालून मारलं गेलं. भायखळ्याची गिरणी बोरिवलीला हलवून ही जमीन विकण्याचा त्यांचा बेत होता. त्यासाठी कामगारांची संमती हवी होती. कामगार तयार नव्हते. तेव्हा पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी जे सांगितलं त्यानुसार, संमती मिळवण्यासाठी गवळी टोळीचा धाक कामी आणला जात होता आणि हा व्यवहार गवळीच्या हाती जाऊ नये म्हणून अमर नाईकच्या टोळीने खून केला.

या घटनेचा अर्थ मी असा लावतो. १९८२ मध्ये कामगाराला बोलण्याचा हक्क नाकारणारा कायदा होता. १९९४ मध्ये त्याची सही हवी होती, कारण जमीन विकायची होती. त्या सहीसाठी त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्याच चाळीतली पोरं त्याच्या दारात पाठवली गेली. बापाने मागितलेला हक्क मिळाला नाही, आणि मुलाला गिरणीच्या जमिनीत वाटा मिळाला तो या रूपात : सुपारीची काही टक्के रक्कम.

पुढे १६ जानेवारी १९९७ ला, संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, पवईत डॉक्टर सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्यांच्या मागे अडीच लाख माणसं कायद्याच्या रस्त्याने गेली होती, तो माणूस सुपारीने मारला गेला. गिरणगाव त्या दिवशी रडलं, हे म्हणताना मला कुठलाही संकोच वाटत नाही.

ज्यांनी वेगळा रस्ता धरला

अन्नपूर्णा महिला मंडळाची गोष्ट इथे सांगितली नाही तर हे प्रकरण एकांगी होईल. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांची ही संघटना उभी केली. या बायका तोवर सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. संघटनेने त्यांना सरकारी बँकेतून छोटी कर्जं मिळवून दिली. तारण काही नव्हतं, फक्त एकमेकींची हमी. त्यांनी कर्जं फेडली. संपाच्या काळात नवरे घरी बसलेले असताना अनेक घरं या बायकांच्या पोळी-भाजीवर तगली.

गरिबी तीच, चाळ तीच. पण एक दरवाजा उघडा होता, कागदावर, बँकेत, कायद्याने. लोक त्यातून आत गेले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मजबूत पुरावा हा आहे. दत्ता इस्वलकरही याच मातीतले : मॉडर्न मिलचे कामगार, १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी करणारे. त्यांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. कोणाच्या अंगाला हात लावला नाही. तीस वर्षं लागली त्यांना, आणि जे मिळालं ते फारच थोडं.

हिशेब कुणी दिला

नव्वदच्या दशकात चकमकींचा काळ आला. १९९६ मध्ये अमर नाईक मारला गेला. १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला कायदा, आला. टोळ्यांचं कंबरडं मोडलं, मुंबईतली खंडणीची भीती कमी झाली, आणि सामान्य माणसाने सुटकेचा श्वास घेतला हेही खरं आहे. टोळीच्या गोळीने मेलेले व्यापारी, दुकानदार, साक्षीदार यांची घरंही होतीच. त्यांचं दुःख या कहाणीत कमी लेखण्याचा मला अधिकार नाही.

पण रस्त्यावर पडलेल्या मुलांचे पत्ते पाहिले तर लालबाग, परळ, सातरस्ता, आग्रीपाडा, काळाचौकी हीच नावं पुन्हा पुन्हा दिसत. ज्यांनी मतांसाठी या मुलांना आमची मुलं म्हटलं, ज्यांनी जमिनीसाठी त्यांना वापरलं, ज्या ठाण्यातल्या वसुलीने त्यांना रेकॉर्डवर आणलं, त्यांच्यातलं कोणी त्या फुटपाथवर नव्हतं.

आपण समोर ठेवलेल्या घरातला धाकटा असाच गेला. सव्वीस वर्षांचा होता. थोरल्याचा यंत्रमाग काही वर्षांनी बंद पडला. मग लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात नवी काचेची इमारत झाली, तिथे तो सुरक्षारक्षक म्हणून लागला. बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराकडून पगार. बापाची ग्रॅच्युइटी अनेक वर्षांनी तुकड्या तुकड्यांत आली.

मग सरकारने गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरवलं. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं तो पात्र. सुमारे दीड लाख अर्ज आले. जून २०१२ मध्ये सोडत निघाली ६,९२५ घरांची, २२५ चौरस फुटांच्या, साडेसात लाख रुपयांच्या घरांची. अर्जासोबत पुरावा हवा होता : गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, काहीही.

बाप तोवर वारला होता. आईने पत्र्याची ट्रंक उघडली. पिवळा पडलेला साचेखात्याचा पास निघाला, दोन पगारपत्रकं निघाली, आणि त्याखाली धाकट्याचं दहावीचं प्रवेशपत्र. ती परीक्षा त्याने दिली नव्हती. थोरल्याने फॉर्म भरायला घेतला. वारसांच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुझं एकट्याचं लिही." त्याने लिहिलं आणि प्रवेशपत्र पुन्हा ट्रंकेत ठेवलं.